स्कोअर ३८ आणि हरवलेले सुटे भाग: एका वेबसाइटचं प्रकरण

पार्श्वभूमी

घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीची माहिती देणारी आणि त्यांच्या सुट्या भागांची सूची ठेवणारी ही वेबसाइट. ओळख पटू नये म्हणून विषय आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. घटनाक्रम जसा घडला तसाच आहे. साइट नऊ वर्षं जुनी. पानं साधारण तीन हजार: सहाशे लेख आणि बाकी एकेका सुट्या भागाचं एकेक पान. माणसं तीनच. मालक, एक डेव्हलपर आणि एक संपादिका, ज्यांचे लेख वाचायलाच लोक मुळात इथे येत.

मला बोलावलं तेव्हा नवी थीम बसवून आठ महिने झाले होते. दिसायला साइट छान झाली होती, यात वाद नाही. पण त्या दिवसापासून सर्चमधून येणारे क्लिक महिन्यागणिक उतरत होते. एका रात्रीत कोसळले असते तर बरं झालं असतं, कारण लगेच हाती लागलं असतं. हे उतरणं जिन्याच्या पायऱ्यांसारखं होतं. प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा जरासा कमी, म्हणून पहिले चार-पाच महिने कोणी मनावरच घेतलं नाही.

तक्रार

पहिल्याच बैठकीत मालकांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर लाइटहाउस या गूगलच्या चाचणी-साधनाचा मोबाइलचा स्कोअर होता: ३८, लाल वर्तुळात.

“गूगलने आपल्याला स्लो म्हणून खाली ढकललंय. आधी हा आकडा हिरवा करा, बाकीचं मग बोलू.”

डेव्हलपर गप्प होता. त्याने आदल्या आठवड्यात साइटवरची झाडून सगळी चित्रं लहान केली होती, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये आणली होती, आणि स्कोअर ३४ वरून ३८ वर गेला होता. आठवडाभर राबून चार गुण. पुढची त्याची योजना होती ती सगळा फ्रंटएंड, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा साइटचा भाग, नव्याने लिहायची, कारण रिपोर्टमध्ये सगळ्यात मोठा दोष जावास्क्रिप्टवर होता. किमान तीन महिन्यांचं काम.

संपादिका शेवटी एवढंच म्हणाल्या, “लेख पूर्वीइतकेच वाचले जातात हो. मला वाटतं सुट्या भागांच्या पानांवर कोणी येत नाहीये.” त्यांचं हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण त्या दिवशी त्याला द्यायला हवं होतं तेवढं वजन दिलं नाही.

आधी काय मोजलं

लाइटहाउस एका काल्पनिक फोनवर, काल्पनिक मंद नेटवर्कवर पान एकदा उघडून बघतं. ती प्रयोगशाळेतली चाचणी आहे. एकाच पानावर लागोपाठ तीनदा चालवलं तर आम्हाला तीन वेगळे आकडे मिळाले. खरे वापरकर्ते काय अनुभवतात ते क्रोम ब्राउझरमधून गोळा होणाऱ्या फील्ड डेटात दिसतं, आणि सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातला कोअर वेब व्हायटल्सचा रिपोर्ट त्याच डेटावर चालतो. तिथले निकष ठरलेले आहेत. मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत. टॅप केल्यावर मिळणारा प्रतिसाद, म्हणजे आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. पान वाचताना मजकूर इकडेतिकडे उडी मारतो त्याचं माप, म्हणजे सीएलएस, ०.१ च्या आत. आणि हे सगळं ७५व्या पर्सेंटाइलला बघायचं: चारपैकी तीन भेटींमध्ये तरी अनुभव इतका चांगला हवा.

या साइटचा फील्ड डेटा असा निघाला: एलसीपी ४.९ सेकंद, सीएलएस ०.१९, आयएनपी १६० मिलिसेकंद.

या शेवटच्या आकड्याने तीन महिन्यांचं काम वाचवलं. लाइटहाउसच्या एकूण गुणांत टोटल ब्लॉकिंग टाइमचा, म्हणजे जावास्क्रिप्टमुळे पान अडून राहतं त्या वेळेचा, वाटा ३० टक्के असतो, आणि या साइटची जावास्क्रिप्ट खरोखर गबाळी होती. म्हणून स्कोअर तिकडे बोट दाखवत होता. पण प्रत्यक्ष लोकांनी टॅप केल्यावर साइट व्यवस्थित उत्तर देत होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने एफआयडी हा प्रतिसादाचा जुना निकष काढून त्याच्या जागी आयएनपी आणला, आणि हा निकष पूर्वीच्यापेक्षा कडक आहे. तरीही साइट त्यात पास होती. त्रास होता तो पान समोर यायला लागणाऱ्या वेळेचा आणि उड्या मारणाऱ्या मजकुराचा.

मग सर्च कन्सोलमध्ये क्लिकचे आकडे पानांच्या प्रकारानुसार वेगळे करून पाहिले. हा रिपोर्ट १६ महिने मागे जातो, त्यामुळे नव्या थीमच्या आधीचे महिनेही समोर होते. लेखांचे क्लिक जवळपास सपाट. सुट्या भागांच्या पानांचे क्लिक निम्म्यावर. आणि ही पानं शोधात खाली गेलेली नव्हती. ती दिसतच नव्हती. इम्प्रेशनच, म्हणजे शोधाच्या निकालात पान किती वेळा दिसलं तो आकडाच, आटले होते.

इथे मालकांचं निदान डळमळलं. साइट मंद म्हणून शिक्षा होत असती तर तीच थीम, तोच सर्व्हर, तोच वेग असलेले लेख कसे सुटले?

मूळ कुठे होतं

सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणी कोणतं पान मागितलं त्याच्या नोंदी, मागवले. गूगलबॉटने, म्हणजे साइटवर फिरून पानं वाचणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमने, महिनाभरात कोणकोणते पत्ते मागितले याची यादी काढली, तर बहुतेक ओळींमध्ये प्रश्नचिन्ह. कंपनी अमुक, प्रकार तमुक, क्रमवारी किमतीनुसार. नव्या थीमने सूचीच्या डाव्या बाजूला फिल्टर दिले होते, आणि प्रत्येक फिल्टर ही एक सरळ लिंक होती.

हिशोब कागदावर मांडला. एका विभागात ८ कंपन्या, १२ प्रकार, ६ साहित्यं, उपलब्धतेचे २ पर्याय, क्रमवारीचे ४. प्रत्येकात ‘काहीच निवडलं नाही’ हा आणखी एक पर्याय धरायचा. ९ × १३ × ७ × ३ × ५ = १२,२८५ पत्ते, एका विभागासाठी. त्यात आधी कंपनी निवडली की आधी प्रकार यावर पत्त्यातला क्रम बदलत होता, म्हणजे तीच यादी आणखी कितीतरी पत्त्यांवर. खरी पानं तीन हजार, आणि बॉटसमोर असा चक्रव्यूह.

बरं, बॉट चक्रव्यूहात फिरला म्हणून खरी पानं का हरवावीत? तीन हजार पानांच्या साइटला क्रॉल बजेटची, म्हणजे बॉट एका साइटवर किती फिरेल याची, चिंता करायची सहसा गरज नसते. उत्तर सूचीच्या तळाशी होतं. जुन्या साइटवर १, २, ३ असे पानांचे आकडे असायचे. नव्या थीममध्ये तिथे एक देखणं बटण होतं: ‘आणखी दाखवा’. मी पानाचा सोर्स उघडला आणि लिंका मोजल्या. बारा. विभागात तीनशे भाग, पण एचटीएमएलमध्ये लिंका फक्त पहिल्या बारांच्या. बाकीचे बटण दाबल्यावर जावास्क्रिप्टने यायचे, आणि गूगलबॉट बटणं दाबत नाही. तो पान रेंडर करतो, जावास्क्रिप्ट चालवतो, पण माणसासारखा क्लिक करत बसत नाही.

म्हणजे अवस्था अशी: कामाच्या पानांकडे जायला रस्ता नाही, आणि बिनकामाच्या हजारो पत्त्यांकडे जायला हमरस्ता. साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलसाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीत, खरी पानं होती, म्हणून गूगलला त्यांचे पत्ते ठाऊक होते. पण साइटवरून एकही लिंक नसलेलं पान महत्त्वाचं आहे, असं गूगलने का मानावं? सर्च कन्सोलच्या यादीत अशी शेकडो पानं ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’ या शीर्षकाखाली जमली होती, म्हणजे बॉटने वाचलेली, पण शोधात दाखवायच्या साठ्यात न घेतलेली. आठ महिन्यांत एकेक करून गळाली. म्हणून तो जिना.

कोणते पर्याय होते

चार गोष्टी टेबलावर होत्या. फ्रंटएंड नव्याने लिहायचा. तो आयएनपीच्या आकड्याने बाद झाला. मोठा सर्व्हर घ्यायचा. सर्व्हरचं उत्तर हळू येत होतं हे खरं, पण का येतंय ते कळल्याशिवाय मोठा सर्व्हर घेणं म्हणजे गळक्या टाकीला जाड नळ जोडणं. तिसरा पर्याय मालकांच्या परिचयातल्या कोणीतरी सुचवला होता: पैसे देऊन बाहेरच्या साइटवरून लिंका मिळवायच्या. हे गूगलच्या स्पॅम धोरणाच्या स्पष्ट विरोधात जातं, आणि जी पानं इंडेक्समध्येच नाहीत त्यांना त्या लिंकांनी काय होणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चौथा पर्याय नेमक्या जागी नेमकी दुरुस्ती, आणि तो घ्यायचं ठरलं.

खरा वाद क्रमावर झाला. माझं म्हणणं होतं की आधी लिंका आणि इंडेक्सचं काम काढावं, कारण गूगलला पुन्हा फिरून यायला आठवडे लागतात. मालकांना आधी वेग हवा होता. अखेर वेगाची दोन कामं दोन दिवसांत होण्यासारखी होती म्हणून ती आधी घेतली, पण एका अटीवर: त्यानंतर दोन आठवडे दुसरं काही बदलायचं नाही. कशाचा परिणाम कशावर झाला हे मला वेगळं बघायचं होतं.

वेगासाठी काय केलं

मध्यम प्रतीच्या फोनवर एका सुट्या भागाच्या पानाचा ट्रेस, म्हणजे उघडतानाची क्षणाक्षणाची नोंद, घेतला आणि एलसीपीचे चार तुकडे केले. सर्व्हरचा पहिला बाइट यायला १.१ सेकंद. मुख्य चित्र मागवायला सुरुवात होईपर्यंत आणखी २.४. चित्र उतरायला ०.४. रंगवायला ०.७. एकूण ४.६.

डेव्हलपरने हे आकडे दोनदा वाचले. त्याने आठवडाभर जे काम केलं होतं ते त्या ०.४ च्या तुकड्यावर. खरा वेळ जात होता तो चित्र मागवण्यापूर्वी. कारण एक लेझी लोडिंगचं प्लगइन. पूर्वी कोणीतरी लाइटहाउसचाच सल्ला वाचून ते बसवलं होतं: पडद्याबाहेरची चित्रं उशिरा उतरवा. सल्ला बरोबर. पण प्लगइनने सरसकट सगळी चित्रं उशिरावर टाकली, अगदी पानाच्या माथ्यावरचंसुद्धा. टॅगमध्ये चित्राचा पत्ता ‘एसआरसी’ऐवजी ‘डेटा-एसआरसी’त असल्यामुळे ब्राउझरला एचटीएमएल वाचताना चित्र दिसतच नव्हतं. आधी स्क्रिप्ट उतरणार, ती चालणार, मग चित्राची आठवण होणार.

दुरुस्ती एका दुपारची. माथ्यावरचं चित्र प्लगइनमधून वगळलं, साधा ‘एसआरसी’ दिला, ‘फेचप्रायॉरिटी हाय’ (म्हणजे हे आधी मागव) लावलं, आणि लांबी-रुंदी लिहिली म्हणजे जागा आधीच राखली जाईल. खालच्या चित्रांना ब्राउझरचं स्वतःचं लेझी लोडिंग पुरेसं होतं. सीएलएससाठी उरलेला गुन्हेगार होता वरून घुसणारी सूचनेची पट्टी. ती पान उघडल्यावर सेकंदाभराने येऊन सगळा मजकूर खाली ढकलायची. तिच्यासाठी किमान उंची राखून ठेवली.

पहिल्या बाइटची गोष्ट मजेशीर निघाली. डेव्हलपर म्हणत होता की त्याच्याकडे सर्व्हर झटक्यात उत्तर देतो, आणि ते खरं होतं. तो नेहमी इनकॉग्निटो खिडकीत तपासायचा. नव्या थीममध्ये ‘नुकतेच पाहिलेले भाग’ अशी सोय होती, तिच्यासाठी पहिल्याच पानावर एक कुकी बसायची, आणि कुकी असलेल्या कोणालाही पेज कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या साठ्यातून, पान द्यायचं नाही असा सर्व्हरवर नियम होता. तो नियम लॉगिन केलेल्यांसाठी लिहिलेला. परिणाम असा की दुसऱ्या पानापासून प्रत्येक पाहुण्यासाठी पान नव्याने शिजत होतं. इनकॉग्निटोत मात्र जुनी कुकी नसते, म्हणून नेहमी पहिलंच पान. नियमात त्या एका कुकीला सूट दिली. सर्व्हर तोच राहिला.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला: “काहीच हललं नाही.” सर्च कन्सोलमागचा फील्ड डेटा मागच्या २८ दिवसांचा एकत्र असतो, त्यामुळे आजची सुधारणा रोज थोडी थोडी मुरत जाते. हे मी आधीच सांगून ठेवायला हवं होतं. सांगितलं नव्हतं, म्हणून पुढचे दहा दिवस रोज फोन.

इंडेक्ससाठी काय केलं, आणि काय चुकलं

सूचीचं काम सोपं: ‘आणखी दाखवा’ बटण ठेवलं, पण त्याच्याखाली १, २, ३ च्या खऱ्या लिंका परत आणल्या. थीमने दुसऱ्या-तिसऱ्या पानांचं कॅनॉनिकल, म्हणजे ‘मूळ पान हे’ असं गूगलला सांगणारी खूण, पहिल्या पानाकडे वळवलं होतं. ते काढून प्रत्येक पानाला स्वतःचं दिलं. साइटमॅपमध्ये प्रत्येक पानाची ‘शेवटचा बदल’ तारीख रोज रात्री आजची होत होती. गूगल ही तारीख विश्वासार्ह असेल तरच वापरतं, तेव्हा तीही खरी केली. बंद झालेल्या भागांची जुनी पानं सरसकट मुख्य पानाकडे वळवलेली होती, आणि गूगल असल्या रीडायरेक्टना सॉफ्ट ४०४, म्हणजे नसलेलंच पान, समजतं. ज्याचा पर्यायी भाग आहे त्याला तिकडे ३०१ (कायमचं वळण), ज्याचा नाही त्याला सरळ ४१० (पान कायमचं गेलं).

फिल्टरचं कोडं अवघड होतं. बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये अडवलं तर त्याचं फिरणं थांबतं, पण आधीच इंडेक्समध्ये शिरलेले पत्ते तिथेच रेंगाळू शकतात. नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका’ ही सूचना, पानावर लावलं तर पत्ते इंडेक्समधून निघतात, पण त्यासाठी बॉटने पान उघडून ती सूचना वाचायला हवी. कॅनॉनिकल हा केवळ इशारा; गूगलने मानलाच पाहिजे असं नाही.

मी नोइंडेक्स सुचवलं. डेव्हलपरने लावलं. त्याच संध्याकाळी, दुहेरी बंदोबस्त म्हणून, रोबोट्स फाइलमध्येही ते पत्ते अडवले गेले. कोणी अडवले हे महत्त्वाचं नाही; मला विचारलं होतं आणि मी घाईत ‘चालेल’ म्हणालो होतो. दाराला कुलूप लावायचं आणि आत चिठ्ठी ठेवायची की ‘इथून निघून जा’. बॉट आत येणार नाही, चिठ्ठी वाचणार नाही. तीन आठवड्यांनी ‘इंडेक्स केलं, पण रोबोट्स फाइलने अडवलेलं’ हा आकडा फुगलेला दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अडथळा काढला, नोइंडेक्स वाचलं जाऊ दिलं, आणि ते पत्ते बऱ्यापैकी निघून गेल्यावरच रोबोट्स फाइलची ओळ परत घातली. तीन आठवडे फुकट गेले.

एक प्रश्न मात्र चांगला निघाला, आणि तो संपादिकांनी विचारला: “सगळेच फिल्टर निरुपयोगी कसे? लोक कंपनीचं नाव आणि भागाचा प्रकार मिळूनच तर शोधतात.” बरोबर होतं. आठ कंपन्या आणि बारा प्रकार म्हणजे ९६ जोड्या. त्यांनी सर्च कन्सोलमधल्या शब्दांशी एकेक जोडी ताडून पाहिली आणि ३१ निवडल्या. त्या जोड्यांना प्रश्नचिन्हाविना स्वतःचे पत्ते दिले, वर दोन-तीन वाक्यांची कामाची माहिती, आणि विभागाच्या पानावरून लिंका. बाकीचे फिल्टर लोकांसाठी राहिले, बॉटसाठी बंद झाले.

परिणाम

वेगाचे बदल पूर्ण मुरल्यावर फील्ड डेटात एलसीपी २.३ सेकंद आणि सीएलएस ०.०६ झाला. तिन्ही निकष हिरवे. लाइटहाउसचा स्कोअर ६१. मालकांना हे पचायला जड गेलं, कारण वर्तुळ अजून केशरी होतं आणि त्यांना वचन हिरव्याचं हवं होतं. जावास्क्रिप्ट गबाळी होती ती आजही आहे.

सर्चमधल्या क्लिकवर वेगाचा परिणाम? ते दोन रिकामे आठवडे आणि त्यानंतरचा महिना पाहिला, तर दिसण्याजोगा काहीच नाही. सुट्या भागांची पानं मात्र लिंका परत आल्यानंतर हळूहळू इंडेक्समध्ये येऊ लागली, आणि रोबोट्सची चूक निस्तरल्यावर तिसऱ्या महिन्यात इम्प्रेशन मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याजवळ पोचले. सगळी पानं परतली नाहीत. सुमारे चारशे पानं अजून बाहेर आहेत, आणि ती उघडून पाहिली तर गूगलला दोष देता येत नाही: एक फोटो, एक क्रमांक, बस.

वेगाचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. साइटवर आलेला माणूस आता दुसऱ्या पानावर ताटकळत नाही. पण ज्या तक्रारीसाठी मला बोलावलं होतं, तिचं उत्तर ते नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

लॉग पहिल्या दिवशी मागवेन. मी ते दुसऱ्या आठवड्यात मागवले, कारण स्कोअरच्या चर्चेत मीही वाहत गेलो. संपादिकांचं ते वाक्य पहिल्या बैठकीतच तपासलं असतं तर निम्मा शोध तिथेच संपला असता. नवी थीम चढवण्याआधी जुनी साइट एकदा क्रॉल करून लिंकांची यादी जपून ठेवली असती, तर हरवलेल्या लिंका दोन याद्या शेजारी ठेवून तासाभरात सापडल्या असत्या. हे डेव्हलपरने आता त्याच्या कामाच्या यादीत घातलं आहे. रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स एकाच दिवशी, एकाच पत्त्यांवर, पुन्हा कधी नाही. आणि २८ दिवसांची गोष्ट बदल चढवण्याआधीच लेखी सांगायची.

क्रमाबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं नाही. वेग आधी केल्यामुळे मालकांचा धीर टिकला, आणि तो टिकला नसता तर इंडेक्सच्या कामाला तीन महिने मिळालेच नसते.

त्या चारशे पानांचं काम संपादिकांनी हाती घेतलंय. आठवड्याला पंधरा-वीस पानं होतात. भाग कुठे बसतो, झिजला की कसा आवाज येतो, काढताना आधी कोणता स्क्रू सैल करायचा. परवा त्यांनी एका रबरी कड्याचं पान पाठवलं, त्यात झिजलेलं आणि नवं कडं शेजारी ठेवून काढलेला फोटो होता. मालकांनी त्यावर उत्तर दिलं की फोटो छान आलाय, मुख्य पानावर असे पाच-सहा सरकते फोटो लावता येतील का.